कॉइलओव्हर बसवल्यावर गाडी एका बाजूला का बसते: आधी लोअर आर्मचे बुश बघा

२००८ ची पेट्रोल स्विफ्ट, महिन्यापूर्वी कॉइलओव्हर किट (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) बसवलं, समोर ५० मिमी खाली. पहिल्या दिवशी उंची बरोबर, आता पुढची डावी बाजू १२ मिमी जास्त बसलेली. दोनदा अलाइनमेंट करूनही टायर आतून खातंय, म्हणजे आतली कड झिजतेय. ओळीने रम्बलर (रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्या) आले की तिसऱ्या-चौथ्याला 'धाड', आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की 'टंग'. किट बनावट निघालं का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाही. ही सगळी लक्षणं ओळखीची आहेत आणि चांगल्या किटलाही अशीच येतात.

जुने शॉकअप कसे काढायचे, गाडी स्टँडवर कशी घ्यायची हे सांगत बसत नाही, ते तुमच्या मेकॅनिकला येतं. चूक होते ती शेवटच्या अर्ध्या तासात, सगळं बसलंय आणि घरी जायची घाई आहे तेव्हा. मला सगळ्यात महाग पडलेली चूक तीच, म्हणून आधी ती.

लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) जिथे सबफ्रेमला (गाडीखालच्या चौकटीला) जोडला जातो तिथल्या रबर बुशचं काम बेअरिंगसारखं नसतं. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी पकडली जाते, आणि पुढे आर्म वर-खाली होतो तो रबराला पीळ देऊनच. म्हणजे बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात असेल तो त्या बुशचा 'शून्य'. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली आणि त्याच अवस्थेत बोल्ट आवळला, तर शून्य लटकलेल्या स्थितीत ठरला. आर्म साधारण ३३० मिमी धरला आणि चाक ८० मिमी खाली लटकलेलं असेल, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर बुशला १४ अंशांचा पीळ बसतो, तोही कायमचा.

यातून पुढची साखळी सुरू होते. पिळलेलं रबर जादा स्प्रिंगसारखं गाडी वर ढकलतं. तुम्ही मोजता, गाडी हवी त्यापेक्षा उंच वाटते, म्हणून कॉलर (स्प्रिंगखालची फिरवायची रिंग) आणखी खाली घेता. महिन्याभरात रबर फाटतं किंवा नळीपासून सुटतं, वर ढकलणारा जोर जातो आणि गाडी तेवढी खाली येते. ज्या बाजूचं आधी फाटलं ती बाजू आधी बसते. तुमचे १२ मिमी इथलेच असावेत. उंची बदलली की टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असतात तो कोन) बदलतो, टो बदलला की टायर आतून खातं. म्हणजे अलाइनमेंट करूनही ती टिकत नाही, कारण ज्या उंचीवर केली ती उंचीच खोटी होती.

'आम्ही आर्म उघडलाच नव्हता' असं मेकॅनिक म्हणेल. तरी सुटका नाही. बुशचा मूळ शून्य कारखान्यातल्या उंचीचा आहे. गाडी ५० मिमी खाली घेतली म्हणजे न उघडताही जवळजवळ ९ अंशांचा पीळ आला, तोही जुनाट रबराला. उंची बदलली की हे बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळायचेच. मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या बीमच्या पुढच्या दोन बुशनाही हाच नियम.

आवळायचे कसे? उत्तम म्हणजे चार खांबी लिफ्ट किंवा अलाइनमेंटचा खड्डा, जिथे गाडी चाकांवर उभी असते. बोल्ट सैल करा, बंपर दोन-चारदा दाबा, गाडी पाच-सात मीटर पुढे-मागे ढकला, मग आवळा. ढकलणं टाळू नका. जॅकवरून उतरलेल्या गाडीची चाकं आत ओढलेली असतात आणि टायर जमिनीला धरून ठेवतं, त्यामुळे गाडी उंच दिसते. खड्डा नसेल तर चाक काढून आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावा आणि हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा) मध्य ते मडगार्डची कड हे अंतर तुमच्या ठरलेल्या आकड्याइतकं होईपर्यंत उचला. त्या सुमारास गाडी स्टँडवरून हलकी व्हायला लागते, तेव्हा खाली डोकं घालायचं नाही. टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा) गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या, 'हाताला कळतं' हे ऐकू नका.

उंची मोजायची ती हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा आकडा बिघडवते. अर्धी टाकी पेट्रोल, सपाट जागा, चारी आकडे वहीत.

अलाइनमेंटबद्दल. एका सेंटरने माझ्या हातात सगळं हिरवं दाखवणारा कागद दिला आणि उंची मोजली का, बुश बघितले का, यावर 'आमच्याकडे ते येत नाही' हे उत्तर. पैसे मात्र पूर्ण. त्यांचाही अगदीच दोष नाही; पुढच्या स्ट्रटला (स्प्रिंग-शॉकअपच्या खांबाला) बहुतेक ठिकाणी फक्त टो सेट करतात, आणि कागदावरचा हिरवा रंग कारखान्याच्या उंचीसाठी असतो. क्रम पाठ करा: उंची, मग बुश, मग गाडी ढकलणं, शेवटी टो. टायर आतून खाल्लं की सगळे कॅम्बरला (चाक उभ्या रेषेपासून किती कललंय त्याला) शिव्या देतात. एक-दीड अंश कॅम्बरने टायर इतकं लवकर जात नाही, चुकलेला टो ते काही शे किलोमीटरमध्ये करून दाखवतो.

आता 'टंग'. इंजिन बंद, बॉनेट उघडा, चाक उजवीकडे वळवून आत हात घाला आणि समोरच्या स्प्रिंगवर तळहात ठेवा. कुणाला तरी स्टिअरिंग हळू फिरवायला सांगा. स्प्रिंग पिळत जाऊन एकदम झटका देऊन सुटत असेल तर वरच्या माउंटचं (स्ट्रट वर गाडीला जिथे जोडतात तिथलं) बेअरिंग अडकतंय, किंवा ते उलटं बसवलंय, किंवा जुनंच वापरलंय. सतरा-अठरा वर्षांच्या गाडीत जुनं माउंट नव्या किटवर चढवणं हा कंजूषपणा आहे. बोटं कॉइलच्या मधल्या फटीत घालू नका. आणि वरचा नट इम्पॅक्ट गनने आवळला असेल तर तेही विचारा: शॉकअपचा रॉड गरागरा फिरतो आणि सीलची वाट लागते. रॉड अ‍ॅलन कीने धरून रिंग पान्यानेच आवळायचा.

'धाड' ही बहुतांशी नॉबची करामत. शॉकअपचा वरचा नॉब मुख्यतः रिबाउंड (दबलेलं चाक किती हळू परत खाली येतं ते) बदलतो. तो घट्ट असेल तर पहिल्या रम्बलरने दबलेलं चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा येतो. प्रत्येक पट्टीला गाडी थोडी थोडी खाली जात राहते आणि चौथ्याला बंप स्टॉपवर (चाल संपते तिथल्या ठोकळ्यावर) बसते. नॉब घड्याळाच्या दिशेने हलकेच पूर्ण बंद करा, जोर नको, आणि तिथून उलटे क्लिक मोजा. अर्ध्याहून सैल बाजूला सुरुवात करा. पुण्याच्या रस्त्यांना 'रेसिंग' सेटिंग म्हणजे मणक्याशी वैर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, २५ च्या वेगाने ओलांडण्यासाठी. आपल्या सोसायट्यांमधले सिमेंटचे उंचवटे कुठल्या मापात बसतात ते देव जाणे.

खात्री करायची तर रॉडवर केबल टाय बांधून खाली शॉकअपच्या तोंडाला टेकवा आणि कात्रजच्या जुन्या घाटातून नेहमीच्या वजनासह फेरी मारा. टाय किती वर सरकला तेवढं अंतर दबलं. तो बंप स्टॉपपर्यंत गेला असेल तर गाडी फार खाली आहे. बंप स्टॉप कापून 'जागा करून देणारे' भेटतील, त्यांना नमस्कार करून निघा.

५० मिमी खाली हे माझ्या मते जास्त. २५ ते ३० वर थांबा. लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर गेलं की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) झपाट्याने खाली जातं, कडक स्प्रिंग असूनही गाडी जास्त कलते, आणि टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं. पुढच्या एका कोपऱ्यावर साधारण २६० किलो धरले तर ४ किलो प्रति मिमीची स्प्रिंग ६५ मिमी दबते, ६ ची जेमतेम ४३. खड्ड्यात चाक खाली जायला तेवढंच अंतर, त्यानंतर स्प्रिंग मोकळी. रोजच्या वापराला ४ च्या आसपास पुरे. (आकडे ढोबळ आहेत, तुमच्या किटसोबतचा कागद वाचा.)

किटमध्ये खालचा ब्रॅकेट फिरत असेल तर उंची तिथूनच बदला. स्प्रिंगखालची कॉलर स्प्रिंगला टेकून दोन-तीन मिमी वर, बस. कॉलर दाबून गाडी उचलली तर चाकाची खालची चाल जाते. लटकलेल्या चाकात स्प्रिंग हाताने हलता कामा नये.

मागे तुमच्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे आहेत. स्प्रिंग शॉकअपवर चढवणारं किट घेऊ नका. शॉकअपचा वरचा पत्रा गाडीचं वजन पेलायला बनवलेला नाही, तडे जातात. मागच्या शॉकअपची लांबी मात्र तपासा. तो लांब राहिला तर जॅकवर स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकते.

कायद्याचं थोडक्यात, मी वकील नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे आणि कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. तुमची गाडी पंधरा वर्षांपुढची, दर पाच वर्षांनी तपासणी आहेच. बदल विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ स्ट्रट, स्प्रिंगा भंगारात देऊ नका.

पावसाळ्याआधी कॉलरचे आटे ब्रशने साफ करून मेणाचा स्प्रे मारा. चिखल भरलेल्या आट्यांवर पाना लावला तर अ‍ॅल्युमिनियमची कॉलर जागेवरच चिकटते.

आधी डावा बुश टॉर्च मारून बघा: रबर आणि नळीच्या मध्ये चंद्रकोरीसारखी फट दिसली तर उत्तर मिळालं. चारी कोपऱ्यांचे हब-ते-मडगार्ड आकडे आणि नॉबचे क्लिक इथे लिहा, मग पुढचं बघू.