'धिस इज इंग्लंड'मधली स्किनहेड पोरं आपलीशी का वाटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्किनहेड म्हणजे गोऱ्या वर्णद्वेष्ट्या गुंडांची टोळी असं आपण ऐकलेलं. मग 'धिस इज इंग्लंड'मध्ये त्याच टोळीत जमैकन वंशाचा पोरगा कसा? आणि अर्धा सिनेमा होईपर्यंत ती पोरं आपल्या नाक्यावरच्या मित्रांसारखी का वाटायला लागतात?

मी हा सिनेमा दोनदा पाहिला. पहिल्यांदा पुण्यात, लॅपटॉपवर, हेडफोन लावून. तेव्हा मी पूर्णपणे त्या पोरांच्या बाजूने होतो. दुसऱ्यांदा इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात नोकरीसाठी होतो तेव्हा. तिथे माझ्या भाड्याच्या खोलीखाली एका गुजराती काकांचं किराणा दुकान होतं. दुसऱ्यांदा बघताना माझी बाजू बदलली. हे उत्तर त्या दोन बघण्यांच्या मधलं आहे, म्हणून थोडं लांबेल.

आधी जमैकन पोराचं. त्याचं तिथे असणं हीच खरी सुरुवात आहे. १९६८-६९ च्या सुमारास लंडनच्या कामगार वस्त्यांत गोरी आणि कॅरिबियन वंशाची पोरं एकाच शाळेत, एकाच गल्लीत वाढत होती. जमैकातून आलेल्या पोरांचं संगीत, म्हणजे स्का, रॉकस्टेडी, रेगे, आणि त्यांचा आखूड पँटचा ताठ पोशाख गोऱ्या पोरांना आवडला. त्यात त्यांनी आपल्या बापाच्या कारखान्यातला वेश मिसळला: जाड सोलचे डॉक मार्टिन बूट, गॅलिस, दुमडलेली जीन्स, बटणं गळ्यापर्यंत लावलेला चौकड्यांचा शर्ट, आणि मशीन मारून बारीक केलेलं डोकं. त्या काळात लांब केस ठेवून शांतीच्या गप्पा मारणारी हिप्पी पोरं बहुतेक खात्यापित्या घरातली होती. 'आम्ही कामगारांची पोरं आहोत आणि ते लपवणार नाही' हे सांगायला बारीक डोकं पुरेसं होतं. १९६९ च्या एप्रिलमध्ये डेस्मंड डेकरचं 'इझ्रेलाइट्स' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात या पोरांच्या खिशातले पैसे बरेच होते.

पण ही गोष्ट गोड करून सांगणाऱ्यांपासून जरा सावध राहा. जमैकन संगीतावर नाचणारी हीच पोरं १९७० च्या आधीपासूनच आशियाई माणसांना गाठून मारत होती. त्याला त्यांनी 'पाकी-बॅशिंग' असं नावही दिलं होतं, आणि त्या शिवीत आपण भारतीय, बांगलादेशी सगळे आलो. म्हणजे 'आधी सगळं छान होतं, मग नॅशनल फ्रंटवाले (गोऱ्यांचा कट्टर वर्णद्वेषी पक्ष) आले आणि पोरं बिघडवली' ही कथा अर्धीच खरी. राजकारण नंतर आलं. लाथा आधीपासून होत्या. काळ्या पोराशी दोस्ती आणि शीख दुकानदाराला शिव्या, हे एकाच डोक्यात सुखाने नांदत होतं.

आता सिनेमे. मजा अशी की यातले महत्त्वाचे धागे सगळे १९८३ या एका वर्षाला येऊन मिळतात. १९८२ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला होता, त्याच वर्षी अर्जेंटिनाशी फॉकलंड बेटांवरून युद्ध झालं, त्यात २५५ ब्रिटिश सैनिक गेले, आणि १९८३ च्या जूनमध्ये पंतप्रधान थॅचरबाई प्रचंड बहुमताने परत निवडून आल्या. जुलैमध्ये आयटीव्ही वाहिनीवर 'मेड इन ब्रिटन' लागला. डिसेंबरात चॅनल फोरवर माइक ली यांचा 'मीनटाइम' आला. आणि तेवीस वर्षांनी, २००६ मध्ये, शेन मेडोजने 'धिस इज इंग्लंड' केला तेव्हा त्याची गोष्टही नेमकी जुलै १९८३ मधलीच घेतली.

'मेड इन ब्रिटन' बघताना तुम्हाला कोणीही आपलंसं वाटणार नाही. ॲलन क्लार्कचं दिग्दर्शन, डेव्हिड लेलंडचं लेखन. सोळा वर्षांचा ट्रेव्हर, दोन भुवयांच्या मधोमध स्वस्तिक गोंदवलेलं (आपलं नव्हे, हिटलरचं). सुरुवातच कोर्टात होते: एका पाकिस्तानी माणसाच्या खिडकीतून वीट फेकल्याचा आरोप. बाप दारुडा, आई टाकून गेली, असलं काही कारण दिग्दर्शक आपल्या हातात ठेवत नाही. पोरगा हुशार आहे, बोलण्यात कोणाला हार जात नाही, आणि हीच खरी पंचाईत आहे. मधे एक प्रसंग आहे, तेवढ्यासाठी तरी बघा. सुधारगृहात एक वरिष्ठ अधिकारी येतो, फळ्यावर खडूने ट्रेव्हरचं सगळं आयुष्य काढून दाखवतो: शाळा, चोरी, सुधारगृह, बेकारांची रांग, तुरुंग, परत रांग. एक गोल. मास्तर भूगोल शिकवतात तितक्या शांतपणे. त्या माणसाचं एकही वाक्य चूक नाही, आणि त्याचा काडीइतका उपयोग नाही. कॅमेरा सतत ट्रेव्हरच्या मागे मागे चालत राहतो, त्याला कुठे बसू देत नाही, आपल्यालाही नाही.

टिम रॉथची ही पहिलीच भूमिका. आणि 'मीनटाइम'मध्ये हाच टिम रॉथ कोण, तर कॉलिन नावाचा, बोलायला अडखळणारा, सगळ्यांच्या टपल्या खाणारा पोरगा. पूर्व लंडनमधलं कौन्सिलचं घर, बाप बेकार, दोन्ही पोरगे बेकार, तिघेही 'डोल'च्या म्हणजे बेकारभत्त्याच्या रांगेत. इथला स्किनहेड म्हणजे कॉक्सी, तो गॅरी ओल्डमनने केलाय. कॉक्सी काही फार मोठा गुन्हा करत नाही. तो एका मोठ्या लोखंडी पिंपात शिरतो आणि आतून काठीने बडवत गडगडत राहतो. करायला काहीच नसलेला पोरगा कसा दिसतो, हे मला तरी बेकारीवरच्या कुठल्याही लेखापेक्षा त्या पिंपाने जास्त नीट सांगितलं. शेवटी कॉलिन घरी येतो तो अंगातल्या जाकिटाची टोपी डोक्यावर घट्ट ओढून. भाऊ ती मागे सारतो, तर आत डोकं चकोट. घरच्यांना तो वेडेपणा वाटतो. पण आयुष्यात पहिल्यांदा कॉलिनने स्वतःहून काहीतरी केलेलं असतं. राजकारणाशी त्याला काही देणंघेणं नाही. कॉक्सी त्याच्याशी बोलतो, एवढंच.

इथून 'धिस इज इंग्लंड'कडे आलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिसायला लागतं. शॉन बारा वर्षांचा. बाप फॉकलंडला मेलेला. शाळा सुटण्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्या फुगीर पायांच्या पँटवरून आणि वर मेलेल्या बापावरून चेष्टा होते. घरी जाताना वुडी नावाच्या स्किनहेडची टोळी भेटते, आणि कोणीतरी त्याला 'ये, बस' म्हणतं. पुढे डोक्यावर मशीन फिरवणं, शर्ट, गॅलिस, डॉक मार्टिनच हवेत म्हणून दुकानात आईपुढे धरलेला हट्ट. मेडोज हे सगळं मुंजीच्या थाटात दाखवतो. पोरगा एका घरातून उठून दुसऱ्या घरात जातोय. आई टोळीला जाब विचारायला येते, पोराचे केस का कापले म्हणून, आणि जाताना त्यालाच त्यांच्या हवाली करून जाते. एकट्या बाईला तेवढाच आधार. हा प्रसंग मला फार खरा वाटतो.

खरा वाटणारच, कारण मेडोज स्वतः स्टॅफर्डशरमधल्या उटॉक्सिटर गावात असाच वाढला आणि लहानपणी स्किनहेड होता. शॉन फील्ड्स हे नावसुद्धा त्याच्याच नावावर केलेली कोटी आहे. शॉन करणारा थॉमस टरगूस ग्रिम्सबीचा, तेव्हा तेरा वर्षांचा. अभिनय कधी केलेला नव्हता. निवडचाचणीला यायचे त्याने पाच पाउंड मागितले होते. सिनेमा पूर्ण झाला तोवर त्याची आई कर्करोगाने गेली. सिनेमा तिलाच अर्पण केलेला आहे.

मग तुरुंगातून सुटून कॉम्बो नावाचा टोळीतला जुना, वयाने मोठा स्किनहेड येतो, आणि टोळीची दोन शकलं होतात. कॉम्बोचं भाषण ऐकताना लक्षात ठेवा की तो अर्धवट खरं बोलतोय: नोकऱ्या गेल्यात, पोरं युद्धात फुकट मेलीत. फक्त बोट दाखवताना ते चुकीच्या माणसाकडे दाखवतो. बाप गेलेल्या पोराला तो तेवढ्यात बाप होऊन दाखवतो. या भूमिकेतला स्टीफन ग्रॅहम याचे आजोबा स्वतः जमैकन होते. हे कळल्यावर शेवटचा प्रसंग परत बघा. मिल्की, टोळीतला तो जमैकन वंशाचा पोरगा, आपल्या घरच्यांबद्दल बोलतोय, एवढी मोठी माणसं, एवढी जेवणं. कॉम्बो हसत ऐकतो. आणि हळूहळू त्याचा चेहरा बदलतो. जे आपल्याला कधीच नव्हतं ते या काळ्या पोराकडे आहे, हे त्याला सहन होत नाही. पुढची मारहाण बघवत नाही. त्या क्षणी सगळं वर्णद्वेषाचं तत्त्वज्ञान गळून पडतं आणि उरतो तो साधा हेवा.

म्हणजे ती पोरं आपलीशी वाटतात, कारण सांगणारा त्यांच्यातला आहे. इंग्लंडातल्या कामगार वर्गावरच्या सिनेमाची ही जुनी ताकद आहे. केन लोचच्या 'केस' (Kes) या सिनेमातल्या बार्न्सली गावच्या पोरापासून ती दिसते. वरून कीव करत बघायचं नाही, शेजारी बसून बघायचं.

आता माझी तक्रार. याच सिनेमात मिस्टर संधू आहेत, कोपऱ्यावरचे दुकानदार. सुरुवातीला शॉनची आणि त्यांची वादावादी होते, ते त्याला दुकानातून हाकलतात. पुढे कॉम्बोची टोळी तिथे शिरते, सुरा निघतो, बारा वर्षांचं पोरगं त्यांना घाण शिव्या देतं, माल लुटतात आणि जातात. त्यानंतर संधू कुठे आहेत? कुठेच नाहीत. शॉनला पश्चात्ताप होतो तो मिल्कीला मार बसल्यावर. तो इंग्लंडचा झेंडा समुद्रात फेकतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर मिल्की असतो. पुण्यात बघताना मलाही संधू आठवले नव्हते. 'मेड इन ब्रिटन'मध्ये ज्याच्या खिडकीतून वीट गेली त्या माणसाचंही तेच. आपण, म्हणजे आपल्या रंगाची माणसं, या सिनेमांत गल्ल्यामागे किंवा खिडकीमागे असतो. कथा रस्त्यावर चालू असते.

आणि आशियाई पोरं काय कामगारांची नव्हती? पश्चिम लंडनमधल्या साउथॉलची पंजाबी पोरं रबराच्या कारखान्यात आणि हीथ्रो विमानतळावर राबणाऱ्यांचीच होती ना? १९७६ च्या जूनमध्ये तिथे अठरा वर्षांच्या गुरदीपसिंग चग्गरला भोसकून मारलं, त्यानंतर तिथल्या पोरांनी आपली युवक संघटना उभी केली. १९८१ च्या ३ जुलैला साउथॉलच्या हॅम्ब्रो टॅव्हर्न नावाच्या पबमध्ये स्किनहेडांच्या आवडत्या बँडांचा कार्यक्रम ठेवला, बाहेरून बसगाड्या भरून पोरं आली, दुकानांच्या काचा फुटल्या, तेव्हा वस्तीतल्या पोरांनी तो पबच जाळून टाकला. बरोबर-चूक बाजूला ठेवा, पण त्या रात्रीचा, त्या पोरांच्या बाजूने सांगितलेला, 'धिस इज इंग्लंड'च्या तोडीचा सिनेमा मी अजून पाहिलेला नाही.

सगळ्यात जवळ जातो तो 'माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट' (१९८५). हनीफ कुरेशीची पटकथा, स्टीफन फ्रिअर्सचं दिग्दर्शन. तिथे गल्लाच उलटा केलाय: कपडे धुण्याचं दुकान पाकिस्तानी ओमरचं आणि पगारावर ठेवलेला नोकर जॉनी, जो पूर्वी फॅसिस्टांच्या मोर्च्यात चालला होता. ओमरला तो मोर्चा आठवतो, आणि तरीही दोघे एकमेकांवर प्रेम करतात. ओमरचा काका सईद जाफरींनी केलाय. आपल्याला ते 'चश्मेबद्दूर'मधले पानवाले म्हणून पाठ. इथे ते भाडेकरूंना बेधडक घराबाहेर काढणारे घरमालक आहेत, आणि पाकिस्तानी माणसाने असं केलं तर लोक काय म्हणतील असं जॉनीने विचारलं तर आपण धंदेवाले आहोत असं ऐकवतात. साधा-भोळा, मार खाणारा आशियाई इथे नाही. म्हणून मला तो जास्त आवडतो. (डॅनियल डे-लुईसचा जॉनी बघण्यासाठी तरी बघाच.)

लेस्टरच्या काकांचं राहिलं. १९७२ साली हुकूमशहा ईदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा ते आलेले. लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती, आमच्या शहरात येऊ नका म्हणून. काका ती गोष्ट हसत सांगायचे, आम्हाला पत्ता तिथूनच मिळाला म्हणायचे. स्किनहेडांबद्दल विचारलं तर म्हणाले, आम्ही डोकं बघायचो नाही रे, डोकं टोपीत लपतं. आम्ही बुटांचा आवाज ऐकायचो. चार-पाच जण एकदम वळले की कळायचं, मग तुझी काकी दाराची कडी घालायची.

'धिस इज इंग्लंड' त्यांना नातवाने दाखवला होता. दुकानाच्या प्रसंगाला ते उठून चहा करायला गेले होते, म्हणून पुढचं नीट कळलं नव्हतं. एका संध्याकाळी बिल करता करता त्यांनी मला विचारलं, "तो छोटा पोरगा नंतर दुकानात परत आला का रे? सॉरी म्हणायला?"

नाही आला, म्हटलं.

"हां," काका म्हणाले, "मग बरोबर दाखवलंय."