रविवारी अकराच्या सुमारास, नेरळ

प्रिय बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज वाचला. ‘मावशी, खोली छान आहे, हवा छान आहे, पण रविवारी इथे करायचं काय? ब्रंचला जावं अशी एक धड जागा नाही.’ तुझ्या आईला हे ऐकवलं तर ती डोंबिवलीहून हसत सुटेल. मला मात्र तुझा प्रश्न रास्त वाटला. फोनवर उरकण्यासारखा तो नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी दिवसाचा हिशेब बघ. नेरळ सीएसएमटीपासून सुमारे ८७ किलोमीटर. कल्याणपर्यंत फास्ट असलेली लोकल मिळाली तरी एका बाजूला दोन तासांच्या आतबाहेर जातात. त्यात कल्याणच्या पुढे आपल्या वाट्याला रुळांच्या दोनच जोड्या, एक जायची आणि एक यायची. लोकल, मेल, मालगाडी सगळं त्यांच्यावरूनच. मालगाडी रखडली की तू रखडलास. म्हणजे सोमवार ते शनिवार तू या गावात फक्त पाठ टेकायला येतोस. दुकानांची शटरं वर जातात तेव्हा तू घाटकोपरला पोचलेला असतोस, आणि ती खाली येतात तेव्हा वांगणीला दारात उभा. गावाची आणि तुझी गाठ पडायची ती रविवारी, नऊ ते एक. एवढा वेळ उशीत तोंड खुपसून काढलास तर उद्या इथे स्वतःचा फ्लॅट घेतलास तरी भाडेकरूच राहशील.

पहाटे उठ असं म्हणत नाही. साडेआठपर्यंत लोळ खुशाल. पण उठल्यावर पोहे-उपमा करून पोट भरू नकोस. चहा घे, फार तर दोन बिस्किटं, आणि पिशवी घेऊन बाजाराकडे चालू लाग. चालतच जा, गाडी काढू नकोस. स्टेशनबाहेर माथेरानचे टॅक्सीवाले ‘चला माथेरान, माथेरान’ करत तुला गाठतील. मान हलव आणि पुढे हो. काही महिन्यांनी ते तुला विचारायचे बंद होतील, मग मान हलवून ओळख देतील. रेशनकार्डावर नाव चढायच्या आधी गावात नाव चढतं ते असं.

आता बाजार. पहिला पाऊस होऊन गेलाय, त्यामुळे ठाकरवाडीतल्या बायका रस्त्याच्या कडेला पानांवर वाटे मांडून बसलेल्या दिसतील. या दिवसांत त्यांच्याकडे शेवळं असतात. तपकिरी-जांभळट, निमुळत्या कोंबांची जुडी. मुंबईत दादरला ती मिळतात, पण तिथे येईस्तोवर ती मरगळलेली असतात आणि भाव ऐकून आपण मरगळतो. इथे सकाळी खुडलेली मिळतात. जुडी घेतलीस की बाई शेजारच्या ढिगातली हिरवी, बोराएवढी आंबट फळं पुढे करेल. ती काकडं. ‘काकडं नेल्याबिगर शेवळं नेऊ नको दादा, घसा धरंल,’ असं ती सांगेल, आणि ते अगदी खरं आहे. तिथे भाव पाडायला जाऊ नकोस. ती पहाटे डोंगर उतरून आलेली असते. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट देणारे लोक तिच्यापुढे पाच रुपयांसाठी हुज्जत घालताना मी रोज बघते, आणि मला त्यांची लाज वाटते.

घरी आलास की हाताला तेल लाव. कोंबाचं वरचं आवरण सोलून टाक. आत दांड्याच्या बुडाशी पिवळट, दाणेदार भाग दिसेल, तो पूर्ण काढून फेक. खाज तिथे जास्त असते. उरलेलं अगदी बारीक चिर, भरपूर तेलावर कांद्याबरोबर चांगलं परत. काकडं ठेचून पाण्यात कोळायची आणि ते आंबट पाणी भाजीत घालून नीट शिजू द्यायचं. सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, असतील तर घाल, नसतील तर डाळिंब्या. काकडं नाहीच मिळाली तर चिंच चालते, पण चव तीच येत नाही. पहिल्यांदा करताना माझ्याकडे ये. एकट्याने प्रयोग करून घसा धरून घेतलास तर तुझी आई मला बोल लावेल.

डाळिंब्यांवरून आठवलं. नोकरी करणाऱ्या माणसाच्या आठवड्यात चपखल बसणारा पदार्थ कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी वालाचं बिरडं सांगेन. आपल्या रायगडात भात निघाला की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वाण्याकडे कडवे वाल माग, नुसते वाल म्हणालास तर तो मोठे, गोडसर देईल. शुक्रवारी रात्री गाडीतून उतरून कितीही दमून आलास तरी वाटीभर वाल पाण्यात टाकायला अर्धं मिनिट लागतं. शनिवारी सकाळी निघताना उपसून फडक्यात बांधून ठेवायचे. रविवारी बाजारातून परत येईस्तोवर त्यांना बोटाच्या पेराएवढे मोड आलेले असतात. मग कोमट पाण्यात घालून गॅलरीत बसायचं आणि एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल मागे राहते आणि डाळिंबी पुढे उडी मारते. थंडीत मोडांना जास्त वेळ लागतो, तेव्हा गुरुवारीच भिजव. हे काम एकट्याने करू नये. शेजारच्या आजी दार उघडं ठेवून बसलेल्या असतात, ताट त्यांच्यापुढे सरकव. त्या सोलतील आणि सोलता सोलता पाण्याचा टँकर कोण चांगला, कुठल्या बिल्डरच्या इमारतीत पाणी चढत नाही, कुठल्या डॉक्टरकडे रात्री दार वाजवलं तर उघडतं, हे सगळं सांगतील. आम्ही लेडीज डब्यात मटार सोलत, मेथी निवडत हेच ऐकायचो. तुमच्या जनरल डब्यात पत्ते असतात, भजन असतं, भाजी मात्र कोणी निवडत नाही. तेवढं तुमचं अडतं.

तर साडेअकराला तुझ्या ताटात गरम तांदळाची भाकरी, बिरडं किंवा शेवळं, सोबत कैरीचं लोणचं. भाकरी जमत नसेल तर घावन घाल. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, बिडाचा तवा, बाकी काही लागत नाही. पुन्हा दुपारी जेवायचं नाव काढायला नको. हा ब्रंच की नाही, ते तूच ठरव.

मुंबईचे मित्र बोलवायचे असतील तर याच वेळेला बोलव, पण मेगाब्लॉक बघून. मध्य रेल्वे रविवारी दुरुस्तीसाठी ब्लॉक घेते, मुख्य मार्गावर बहुतेकदा माटुंगा-मुलुंडच्या दरम्यान, साधारण अकरा ते चार. दहाच्या आत दादर सोडलं तर ते वेळेवर पोचतील. त्यानंतर निघाले तर पंधरा-वीस मिनिटं उशीर धरूनच चाल आणि घावनाचं पीठ भिजवून ठेव, तवा तापवू नकोस.

आता त्या फार्महाऊस-रिसॉर्टांबद्दल. कर्जत-नेरळच्या रस्त्याला बोर्डच बोर्ड आहेत, आणि तुझ्या मनातला ब्रंच तिथे मिळतो. काचेच्या बरणीत सरबत, पाटीवर खडूने लिहिलेला मेनू. पहिल्या पगारवाढीला एकदा जाऊन ये, मी अडवणार नाही. पण ती जागा मुंबईहून गाडी काढून येणाऱ्यांसाठी आहे. त्यांना दोन तासांत गाव चाखून परत जायचं असतं. तुला परत जायचं नाहीये. बाहेरचंच खायचं असेल तर लोकलने दोन स्टेशनं पुढे, कर्जतला जा. तिथून पुढे बोरघाट लागतो. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. चढ सदतीस फुटांमागे एक फूट, त्यामुळे घाट चढायला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. त्यांना आपण बँकर म्हणतो. ती जोडण्यासाठी गाड्या कर्जतला थांबत आल्या, आणि थांबलेल्या गाडीच्या खिडकीपाशी बटाटेवडा पोचला. दिवाडकरांचा वडा खाऊन पुढच्या लोकलने परत ये. सगळं मिळून रिसॉर्टच्या कॉफीपेक्षा स्वस्त पडतं.

पावसाळ्याचं एक गंभीरपणे सांगते. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली होती. हजाराहून जास्त माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. तुझी रोजची लोकल त्याच पट्ट्यातून जाते. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये बॅगेत एक कपड्यांचा जोड असू दे, डोंबिवलीला आईकडे एक ब्रश ठेव, आणि कल्याणला गाड्या बंद झाल्याचं कळलं तर कोणी कितीही म्हणालं तरी रुळांवरून चालत निघू नकोस. घरी डाळ-तांदूळ, कांदे-बटाटे आणि मेणबत्त्या आठवड्याच्या असाव्यात. इथे वीज गेली की ती कधी येईल हे वायरमनलाही सांगता येत नाही.

आणखी एक. पासवर आपण मुंबईचे, कागदावर रायगडचे. तालुका कर्जत, जिल्ह्याची कामं अलिबागला. नेरळला अजून ग्रामपंचायत आहे आणि ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. चारही दिवस तुला सुट्टी. तरी लोकलने जाणारे आपण तिथे फिरकत नाही आणि मग गटार तुंबलं की सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे दाखवत बसतो. मतदार यादीतलं नाव इकडे आणून घे, कारण त्याशिवाय सभेत तुझ्या बोलण्याला वजन नाही. पहिल्या खेपेला काही बोलू नकोस, मागच्या खुर्चीत बसून कोण कोणाचं ऐकतं तेवढं बघ. पाण्याचा विषय निघेलच.

येत्या रविवारी दहाला बाजारात भेट. शेवळं मी निवडून देईन, सोलायची तू. वाल मी शुक्रवारी भिजवते, कारण तू विसरणार. येताना भाकरीचं पीठ आण, माझ्याकडचं संपत आलंय.

तुझी
मावशी

ता. क. पास संपला की महिन्याचा काढू नकोस, तीन महिन्यांचा काढ. आणि पैसे साठले की फर्स्ट क्लासचा विचार मनात येईल. कर्जत लोकलच्या फर्स्ट क्लासमध्येही बरेचदा उभंच राहावं लागतं. त्या पैशात बिडाचा तवा घे.