पन्नास हजार तासांचे बल्ब आणि कार्डाची बाकी

प्रश्न: घरात छतामध्ये बसवलेले अठरा गोल दिवे आहेत. रोज साधारण चार तास लागतात. त्यातले एलईडी बल्ब दीड वर्षात उडतात. कंपन्या मुद्दाम असं करतात म्हणे. दुकानदार ५०,००० तास टिकणारे बल्ब सुचवतोय, किंमत तिप्पट. वीज वाचून दोन वर्षांत पैसे वसूल होतील असं तो म्हणतो. बिलाच्या एक तृतीयांश रकमेत दहा वर्षांची ‘संरक्षण योजना’ही आहे, तिच्या पत्रकाचा फोटो जोडलाय. हे सगळं कार्डावर बारा हप्त्यांत घ्यावं का? कार्डावर आधीची बाकी आहे, या बल्बांच्या बिलाच्या साधारण आठपट. पण किमान रक्कम दरमहा वेळेवर भरतो, त्यामुळे तिची चिंता नाही. बाकीच्या दीडपट मुदत ठेव आहे, तिला हात लावायचा नाही.

उत्तर: आधी बल्बांचं सांगतो, ते लवकर उरकेल. अठरा बल्ब एकदम घेऊ नका, योजना अजिबात घेऊ नका आणि कार्डावर तर काहीच घेऊ नका.

रोज चार तास म्हणजे वर्षाला दीड हजार तास. तुमचे बल्ब दीड वर्षात, म्हणजे २,२०० तासांच्या आसपास जातात. साध्या एलईडी बल्बच्या खोक्यावरही १५,००० तास छापलेले असतात. ते खरे ठरले असते तर हे बल्ब दहा वर्षं चालले असते आणि तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं. तेव्हा छापील आयुष्याच्या सातव्या हिश्श्यातच बल्ब उडत असेल, तर खोक्यावरचा आकडा वाढवून काय साधणार? जे कारण साध्या बल्बला मारतंय तेच महागड्यालाही मारेल, फक्त तिप्पट पैशांत.

ते कारण बहुधा उष्णता. जुना तारेचा बल्ब आपली बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबर खाली फेकायचा. एलईडीची उष्णता मागे, बुडाकडे जाते, आणि छतातल्या बंद डब्यात बूड वरच्या बाजूला असतं. तिथेच त्याचा ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज एलईडीला हवी तशी करून देणारं सर्किट, बसलेला असतो आणि त्या ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा भाग. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की या कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. वीस अंशांनी वाढलं तर पाव.

आणि हे ५०,००० तास कोणी मोजले? अखंड चालू ठेवला तरी बल्बला त्यासाठी साडेपाच वर्षांहून जास्त लागतील. प्रत्यक्षात प्रकाश देणारी चिप काही हजार तास तपासतात (एलएम-८० नावाची पद्धत आहे, किमान ६,००० तासांची) आणि पुढचं गणिताने काढतात. त्यातही ‘आयुष्य’ म्हणजे प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. ड्रायव्हर या चाचणीत नसतोच. म्हणून खोक्यावरच्या तासांपेक्षा हमी किती वर्षांची आहे ते वाचा. तीस-पस्तीस वर्षांची भाषा करणारा हमी दोनच वर्षांची देत असेल, तर त्याचा स्वतःचा विश्वास किती ते कळतं.

कंपन्यांच्या संगनमताचं म्हणाल तर तसं घडलेलं आहे. १९२४ मध्ये फीबस नावाचा बल्ब-उत्पादकांचा गट स्थापन झाला आणि त्यांनी तारेच्या बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवलं. पण तुमच्या छतात बल्ब उडायला एवढ्या मोठ्या कटाची गरज नाही, बंद डबा पुरेसा आहे.

करायचं ते एवढंच. बंद फिटिंगमध्ये चालतो असं खोक्यावर स्पष्ट लिहिलेले दोनच बल्ब आणा, तेवढ्याच ल्युमेनला (म्हणजे तेवढ्याच प्रकाशाला) कमी वॉट घेणारे, म्हणजे तापतील कमी. जिथे बल्ब सर्वात लवकर जातो तिथे लावा. बुडावर पेनाने तारीख लिहा. त्याच त्याच जागांचे बल्ब उडत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून त्या जागांचे होल्डर, वायरचे सांधे, डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारं बटण) असेल तर तो एलईडीला चालणारा आहे का, आणि डब्यावर काही पांघरलं गेलंय का, हे बघून घ्या. सगळा डबाच तापत असेल तर ज्यात एलईडी आणि ड्रायव्हर मोकळ्या हवेशी जोडलेले असतात अशी पूर्ण फिटिंग बदलणं परवडेल, पण तीही आधी एक-दोनच.

वीज वाचून पैसे वसूल होण्याचं गणित तारेच्या बल्बचं आहे. ६० वॉटच्या जागी ९ वॉट लावले तर तुमच्या वापरात एका बल्बमागे वर्षाला सुमारे ७५ युनिट वाचतात. तुमच्याकडे एलईडी आहेतच. दहाचे आठ वॉट केले तर वाचणार ३ युनिट. दुकानदाराने तुम्हाला दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा हिशेब ऐकवला.

संरक्षण योजनेचं पत्रक तुम्ही जोडलंत, पण वाचलेलं दिसत नाही. सहावी अट: ‘बंदिस्त जागेत बसवलेल्या दिव्यांना लागू नाही.’ तुमचे अठराही दिवे बंदिस्त जागेत आहेत. ज्याच्या घरात एकही दिवा पात्र नाही त्याला ही योजना विकायला निघालेल्या माणसाबद्दल आणखी काय बोलायचं!

आता जे विचारलं नाहीत ते. बल्ब दीड वर्षात उडतो याची चिंता आणि आठपट बाकीची चिंता नाही, याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात.

कार्डाचा दर महिना ३ टक्के धरू, तुमचा नेमका दर मासिक विवरणावर असतो. किमान रक्कम ५ टक्के धरू. बाकी १०० असेल तर महिन्याचं व्याज ३, तुम्ही भरता ५, म्हणजे कर्ज उतरतं २. वर्षभर असं केलंत, मध्ये एक पैशाचीही खरेदी केली नाहीत, तर तुम्ही साधारण ५५ भरलेले असाल आणि बाकी असेल ७७. मधले ३२ व्याजात गेले. बाकी निम्मी व्हायलाच अडीच वर्षांवर लागतील. किमान रक्कम वेळेवर भरली की दंड लागत नाही, एवढाच तिचा उपयोग. व्याज थांबत नाही.

हेच बल्बांत मोजा. बाकी बिलाच्या आठपट, तिच्यावर ३ टक्के, म्हणजे दर महिन्याला बिलाचा जवळपास चौथा हिस्सा. तुम्ही दरमहा चार महागडे बल्ब व्याज म्हणून देताय आणि अठरा घ्यावेत का म्हणून मला विचारताय.

त्यात आणखी एक. बाकी ओढत नेली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीचे बिनव्याजी दिवस संपतात, व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. हप्ते केलेत तर प्रक्रिया शुल्क आणि दरमहा वाढलेली किमान रक्कम. ‘बिनव्याजी हप्ता’ असं कोणी म्हटलं की एकच विचारावं: रोख दिले तर किती कमी कराल?

आणि ती हात न लावायची ठेव. तिला ७ टक्के धरू, तेही कर जाण्याआधी. इकडे वर्षाला ३६ टक्क्यांनी कर्ज, तिकडे ७ टक्क्यांनी बचत. ठेव सुरक्षित वाटते हे मला कळतं, पण दरवर्षी तुमच्या बाकीच्या २९ टक्के तोटा सोसून ती सुरक्षितता तुम्ही विकत घेताय. मुदतीआधी मोडल्याचा दंड साधारण व्याजदरात एखाद्या टक्क्याचा असतो. कार्डाचं दहा-बारा दिवसांचं व्याज म्हणजे तेवढंच.

म्हणून ठेवीतून पूर्ण बाकी फेडा. ठेव दीडपट असल्याने तिचा एक तृतीयांश भाग अडीअडचणीला उरतो. मुदत दोन-तीन महिन्यांतच संपत असेल तर बँक ठेवीवर कर्ज देते का विचारा, ते कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. आज किमान रक्कम म्हणून भरता तेवढेच पैसे नंतर दरमहा बचतीत टाका. वीस महिन्यांत मोडलेली रक्कम परत उभी राहील.

बाकी मुळात का साचली हे पत्रात नाही. एखाद्या मोठ्या खर्चामुळे असेल तर वरचं पुरे. दर महिन्याला खर्च उत्पन्नाच्या पुढे जात असेल तर मात्र फेडल्यावर सहा महिने कार्ड कपाटात ठेवा, नाहीतर ते पुन्हा भरेल आणि तेव्हा मोडायला एवढी ठेवही नसेल.

दुकानात हप्त्यांच्या कागदावर सही करून आला असाल तर आजच फोन करा. माल उचलला नसेल तर व्यवहार रद्द करून घ्या आणि रद्द झाल्याचं लेखी मागा. हप्ता कार्डावर चढला असेल तर मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क विचारा, आणि ठेवीचे पैसे हातात आले की आधीच्या बाकीबरोबर तोही मिटवा.