स्माइट : घाव घालणारा आणि घायाळ करणारा

प्रश्न असा आला आहे : ‘इंग्रजी कोशात स्माइट (smite) म्हणजे मारणे असे दिले आहे. मग स्मिटन म्हणजे प्रेमात पडलेला, हे कसे? आणि स्मोट हा वेगळा शब्द आहे का?’

शेवटचे आधी. स्मोट हा स्माइटचाच भूतकाळ. राइट (लिहिणे), रोट, रिटन तसेच स्माइट, स्मोट, स्मिटन. एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

अर्थ मात्र साधा ‘मारणे’ नव्हे. पोराच्या पाठीत धपाटा घातला तर तिथे स्माइट शोभत नाही. कुणी वापरलाच तर तो थट्टेने. या क्रियापदाला हात लागतो देवाचा, राजाचा, नाहीतर योद्ध्याचा. १६११ सालच्या इंग्रजी बायबलने तो घरोघरी पोचवला. एका गालावर मारले तर दुसरा पुढे कर, या प्रसिद्ध वचनातही तिथे स्माइटच आहे. त्याच ग्रंथात देव पलिष्ट्यांना, म्हणजे इस्राएलच्या शत्रूंना, चक्क मूळव्याधीने ‘स्मोट’ करतो, आणि योना या संदेष्ट्याला सावली देणाऱ्या वेलाला एक किडा ‘स्मोट’ करतो, की वेल वाळून जातो. किड्याने कसला प्रहार करायचा? म्हणजे काठी-तलवार हवीच असे नाही. वरून आलेला, सावरायला वेळ न देणारा तडाखा असला की झाले.

रोगाचा तडाखा चालतो, तर मनाचा का नाही? बायबलातच, शौल राजाच्या झग्याचा काठ गुपचूप कापल्यावर दाविद या योद्ध्याचे मन त्याला ‘स्मोट’ करते. आपण म्हणतो, मन खाऊ लागले. मग सौंदर्याचा तडाखा बसलेला तो स्मिटन. आपल्याकडे नजरेने घायाळ होतातच की!

मला याहून जवळचा वाटतो तो आपला ‘पछाडणे’. मूळ अर्थ आपटणे, लोळवणे. पण आज भूत पछाडते, आजार पछाडतो, एखाद्या कल्पनेने माणूस पछाडतो. मार विसरला गेला, ‘पछाडलेला’ उरला. इंग्रजीतही स्माइट जुनाट झाला, स्मिटन टवटवीत राहिला. कुणी नव्या मांजराच्या पिल्लावरसुद्धा स्मिटन असतो!

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता माखणे, बरबटवणे. मारण्याचा अर्थ मागाहून आला. जर्मन आणि डच भाषांतले त्याचे भाऊबंद आज ‘फेकणे’ या अर्थाने नांदतात. लोहाराला स्मिथ म्हणतात तो घाव घालतो म्हणून, ही व्युत्पत्ती ऐकायला झकास आहे, पण खोटी. त्या शब्दाचे कूळ वेगळे.

भाषांतर करताना देवाच्या तोंडी असेल तर ‘संहार करीन’, ‘प्रहार करीन’ बसते. स्मिटनला ‘फिदा’ घ्या. ‘मोहित’ फार सोवळा वाटतो.