पीएचसीच्या ओपीडीत रोज नव्वद पेशंट असताना प्रत्येकाशी आपुलकीने कसं बोलायचं?

तुम्ही लिहिलंय की बॉण्डवर (एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत) पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात लागलोय, रोज ऐंशी-नव्वद केसपेपर होतात, अशात आपुलकीला वेळ कुठून आणू? आधी हिशोब करू. नऊ ते साडेबारा म्हणजे 210 मिनिटं. नव्वद पेशंट धरले तर माणशी दोन मिनिटं वीस सेकंद, त्यातच बीपी बघायचं, लिहायचं, आणि मधेच कुणीतरी सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवणार. हे एकट्या तुमचं दुखणं नाही. डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात याचा 67 देशांचा आढावा 2017 साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात बांगलादेशात सरासरी 48 सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं आणि भारत दोन मिनिटांच्या आसपास. त्यामुळे ‘पेशंटला जास्त वेळ द्या’ हा सल्ला मी देणार नाही. आहेत त्या 140 सेकंदांत काय आधी आणि काय नंतर, एवढंच आपल्या हातात आहे.

गडबड सुरुवातीलाच होते. पेशंट स्टूलवर टेकतो न टेकतो तोच ‘काय होतंय?’ आणि त्याने ‘चार दिवस झाले, कणकण...’ म्हणताच ‘ताप किती? खोकला? जुलाब?’ अमेरिकेत 1984 साली रेकॉर्ड केलेल्या भेटी तपासल्या, तेव्हा डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत मधे तोंड घालत होते. तोडलं की वेळ वाचतो असं वाटतं, पण होतं उलटंच. मनातली खरी तक्रार मनातच राहते आणि गोळ्या हातात घेऊन दाराशी गेल्यावर बाहेर पडते: ‘डॉक्टर, अजून एक होतं...’ ते ‘अजून एक’ म्हणजे कधी चढण चढताना छातीत येणारी कळ, कधी अंगावरून जाणारं पांढरं. मग सगळं पहिल्यापासून. स्वित्झर्लंडमध्ये एका ओपीडीत पेशंटना मधे न तोडता बोलू दिलं (2002 साली ते छापून आलं), तर लोक सरासरी 92 सेकंदांत आपणहून थांबले, आणि ते गुंतागुंतीचे, मोठ्या रुग्णालयातले पेशंट होते. सर्दी-तापाचा माणूस त्याच्या कितीतरी आधी संपवतो. तेवढा वेळ पेन खाली ठेवा आणि त्याच्याकडे बघा.

तो थांबला की विचारा, ‘आणखी काय सांगायचंय?’ आपल्या तोंडी बसलेलं असतं ‘आणखी काही नाही ना?’ त्यावर ‘नाही’शिवाय उत्तर येणं कठीण. 2007 साली अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांकडे नेमका असाच प्रयोग झाला. प्रश्नातला एकच शब्द बदलून त्याचा कल होकाराकडे नेला, तर न सांगता राहणाऱ्या तक्रारी 78 टक्क्यांनी घटल्या आणि भेट काही लांबली नाही.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चं भान ठेवा. परीटघडीच्या कपड्यातल्याला ‘तुम्ही’ आणि मळक्या धोतरातल्याला ‘तू’, हे इतक्या नकळत होतं की दुसऱ्या कुणी दाखवल्याशिवाय आपल्याला दिसत नाही. आजी तुम्हाला ‘अरे पोरा’ म्हणतील, ते प्रेमाने. आपण मात्र ‘आजी, बसा’ म्हणायचं. आणि हात लावा. ‘डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही’ ही सरकारी दवाखान्याबद्दलची तक्रार गावात हमखास ऐकू येते. नाडी धरायला पंधरा सेकंद लागतात.

टेबलाभोवती चार जण उभे असतील तर कुणीच खरं बोलणार नाही. रांग दाराबाहेरच्या बाकावर बसवा. सून पेशंट आणि उत्तरं सासूबाईंची, असं असेल तर ‘पोट तपासायचंय’ म्हणून सिस्टरसोबत पडद्याआड घ्या आणि विचारायचं ते तिथे विचारा.

आता गोळ्या. उपचार तुटतात ते बहुधा इथे, आणि आपण पेशंटला बेशिस्त म्हणून मोकळे होतो. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनने लघवी लालसर-नारिंगी होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त समजून घाबरतो आणि औषध सोडतो. मधुमेहाचं मेटफॉर्मिन उपाशीपोटी घेतलं की मळमळ, जुलाब, आणि ‘ती गोळी मला मानवत नाही’. बीपीचं तर एक दुष्टचक्रच आहे. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ असं दरडावून विचारलं की उत्तर ‘हो’. बीपी मात्र 160. मग अॅम्लोडिपिन पाचाची दहा मिलिग्रॅम होते. घाबरून ती खरंच रोज घेतली जाते, घोट्यावर सूज येते आणि गोळी कायमची बंद. त्यापेक्षा असं विचारा: ‘आठवड्यात एक-दोनदा गोळी कुणाचीही राहते. तुमची किती वेळा राहिली?’ खरा आकडा कळतो, डोस वाढवावा लागत नाही.

‘कळलं का?’ हा प्रश्नही सोडा. ‘घरी सूनबाईंनी विचारलं, ही कधी घ्यायची, तर काय सांगाल?’ असं विचारा. वाचता येत नसेल तर पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा.

‘सुई द्या’ म्हणणाऱ्यावर चिडू नका. उद्याची मजुरी बुडू नये, एवढंच बहुतेकदा त्यामागे असतं. त्याला आराम कधी पडणार ते सांगा: ‘ताप तीन-चार दिवसांत उतरेल, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळेल. दम लागला, थुंकीत रक्त दिसलं किंवा ताप हटला नाही तर लगेच या.’ ‘बरं वाटेल, जा’ एवढंच म्हटलं तर तो थेट सलाईन लावणाऱ्याकडे जातो.

सगळ्यांना सारखा वेळ द्यायची गरज नाही. नव्वदात तीन-चार जणांनाच खरी बैठक लागते: साखर नव्याने सापडलेला, महिन्यात चौथ्यांदा ‘अंग दुखतंय’ म्हणून आलेली बाई. त्यांना ‘साडेबाराला गर्दी ओसरली की निवांत बोलू’ म्हणा, पण परतीची एसटी किती वाजता आहे ते आधी विचारा. एका पेशंटला मात्र ताटकळत ठेवायचं नाही, तो म्हणजे ‘आता जगण्यात काही राम नाही’ म्हणणारा. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हे तिथल्या तिथे सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर एकटा सोडू नका, नातेवाइकाला आत बोलवा आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाशी फोनवर बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबरही घरच्यांना लिहून द्या.

राहता राहिलं तुमचं. पन्नास-साठ पेशंट झाले की आवाज चढायला लागतो. अकराच्या सुमारास उठा, पाणी प्या, दोन मिनिटं व्हरांड्यात उभे राहा. तरीही कुणावर खेकसलात, तर तो औषधाच्या खिडकीशी असेपर्यंत जाऊन सांगा, ‘काका, मघाशी ओरडलो, चुकलं माझं.’