सोय आहे का विचारू नका, पायऱ्या किती ते विचारा

ताई, तुमची मुलगी अकरा वर्षांची, व्हीलचेअरवर. सोबत मामाजी, म्हणजे तुमचे सासरे, त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही अंधुकच दिसतं. वणीकडून नागपूरला नेऊन दोघांना अजब बंगल्यातले, म्हणजे तिथल्या जुन्या संग्रहालयातले, पेंढा भरलेले प्राणी दाखवायचे आहेत, पण झेपेल की नाही याची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलं. झेपतं. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. तो सात वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला अशा ठिकाणी नेते, आता तो १९ चा झाला. त्यावरून सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. आठ दिवस आधी फोन करा, आणि फोनवर ‘अपंगांसाठी सोय आहे का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो, आहे’ असंच येतं. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटतं. आम्ही एका संग्रहालयात अशाच ‘हो’वर विसंबून गेलो होतो. रॅम्प होता, पण मागच्या दाराला. त्या दाराला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो त्या दिवशी रजेवर. लेकरू तासभर उन्हात पायरीखाली बसून होतं आणि त्याच्या वर्गातली पोरं आत जाऊन बाहेरही आली. त्या दिवशी तो घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून मी आकडे विचारते. मुख्य दाराला पायऱ्या किती? आत एका दालनातून दुसऱ्यात जाताना उंबरा आहे का? रॅम्पच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, आणि तो माणूस त्या दिवशी येणार आहे का? संडासाच्या दाराची रुंदी किती? हा शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो, पण सहल बिघडते ती इथेच. घडीची व्हीलचेअर साधारण २४ ते २६ इंच रुंद असते. तुमची घरीच टेपने मोजून ठेवा, चाकाबाहेरच्या कड्यांसकट. समोरचा माणूस ‘बघून सांगतो’ म्हणाला तर तो कामाचा माणूस समजा आणि त्याचं नाव लिहून ठेवा.

रॅम्प आहे म्हटलं तरी त्याची लांबी विचारा. नियम १ ला १२ चा आहे, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी लागते. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट झाले. त्याच तीन पायऱ्यांवर सहा फुटांची फळी टाकली असेल तर तिच्यावरून पोरीला नेऊ नका. त्यापेक्षा पायऱ्या बऱ्या. चढताना खुर्ची उलटी फिरवायची, पाठ पायऱ्यांकडे. एकाने मागून मुठी धरून मोठी चाकं एकेक पायरी वर ओढायची आणि दुसऱ्याने समोरून पक्की दांडी धरायची. पाय ठेवायची पट्टी किंवा हातांची जागा धरू नका, ती निसटून हातात येते. मदतीला धावून येणारे लोक नेमकी तीच धरतात, म्हणून आधी सांगा आणि मगच हात लावू द्या. उतरताना तोंड खालच्या बाजूला, खुर्ची मागे कललेली, भार मोठ्या चाकांवर.

जायचं कधी? डिसेंबर-जानेवारीत. नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, लोखंडी खुर्ची मार्चपासूनच चटका देते. पण शाळांच्या सहलीही त्याच दिवसांत असतात, म्हणून मधल्या वारी जा आणि दार उघडताना हजर राहा. गर्दीत व्हीलचेअरवरच्या लेकराला लोकांच्या पाठी आणि पिशव्या सोडून काही दिसत नाही.

एसटीने जाणार असाल तर मुलीचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, सोबत असू द्या. तिला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के. तुम्हाला महिला म्हणून अर्धं तिकीट आहेच. मामाजी ७५ च्या वर असतील तर त्यांचा प्रवास मोफत, ६५ च्या वर असतील तर अर्ध्यात. पण खरं सांगते, एसटीची पायरी उंच, पोरीला उचलूनच चढवावं लागतं. दोन-तीन घरं मिळून एखादी गाडी ठरवता आली तर तेच करा.

आत गेल्यावरची अडचण वेगळी. अजब बंगला १८६३ सालचा. अशा जुन्या संग्रहालयांतली काचेची कपाटं उभ्या माणसाच्या नजरेने मांडलेली असतात. बसलेल्या लेकराची नजर साडेतीन फुटांवर, आणि तिथे काचेत तिला खिडकीचा उजेड आणि स्वतःचं तोंडच दिसतं. मी काळी ओढणी नेते. खुर्चीच्या मागे उभी राहून दोन्ही हातांनी ती पसरून धरली की काचेतली चमक जाते आणि आतलं जनावर एकदम समोर येतं. फोटो काढायची परवानगी असेल तर वरच्या पाट्यांचे फोटो काढा, फ्लॅश न लावता. पोरीला वाचता येतं, आणि मामाजींना अक्षर मोठं करून दाखवता येतं.

मामाजींना मात्र पाटीची गरज कमीच पडेल. आमचे सासरे असेच, दिसायचं कमी. पण नुसता आकार दिसला तरी रोही, सायाळ, घोरपड ते ओळखायचे. माळढोकापाशी उभे राहून त्यांनी नातवाला सांगितलं की हा आपल्या वरोऱ्याकडच्या माळावर मी पाहिला आहे, तो कसा पावलं टाकायचा, उडण्याआधी कसा धावायचा. पोरगा पाटी वाचायचा, आजोबा चाल सांगायचे. त्या एका कपाटापाशी आमची वीस मिनिटं गेली. म्हणून सगळं पाहायचंच असा हट्ट धरू नका. तीन-चार कपाटं निवांत पाहा.

दोघांनाही हात लावून बघावंसं वाटेल. पेंढा भरलेल्या जनावरांना हात लावू देऊ नका. जुन्या काळी कातड्याला कीड लागू नये म्हणून त्यात सोमल वापरत, ते विष आहे. दगडाचं तसं नसतं. जीवाश्म कुठे बाहेर मांडलेले दिसले तर तिथल्या माणसाला नम्रपणे विचारा, हात लावू का? एका ठिकाणी तिथल्या बाईंनी झाडाच्या खोडाचा जीवाश्म उचलून माझ्या मुलाच्या मांडीवर ठेवला. त्याची बोटं आखडलेली असतात. त्याने तळहात हळूहळू उघडून त्यावर टेकवला. गार दगड, आणि बोटाखाली लाकडाच्या रेषा. ‘आई, हे झाड आहे,’ म्हणाला. पुढे कधी गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याला जाणं झालं तर वडधमला असे जीवाश्म आहेत, पण तो दिवस वेगळा ठेवा.

नागपुरातच वेळ उरला तर गांधीसागरजवळ रमण विज्ञान केंद्र आहे. आवारात प्राचीन प्राण्यांचे मोठाले पुतळे आहेत, ते मामाजींना अंधुक दिसलं तरी कळतील.

आणि येता-जाता वरोरा लागेल तेव्हा पोरीला पिसदुऱ्याची गोष्ट सांगा. वरोरा तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात डायनासोरची हाडं सापडली, आणि त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळेही. शास्त्रज्ञांनी ते गोळे तपासले तर आत गवताचे सूक्ष्म अंश निघाले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं असं तोवर मानत होते, ते २००५ साली या शेणाच्या दगडांनी बदललं. त्यात भाताच्या भाऊबंदांचं गवतही होतं. शिवारात उतरून दगड गोळा करू नका, नुसतं गाडीतून बोट दाखवा. जगाला माहीत असलेली गोष्ट आपल्या रस्त्यावर आहे हे लेकरांना कळलं पाहिजे.

सोबत काय न्यायचं: हवा भरायचा छोटा पंप, एक जादा कपड्यांचा जोड, रबरी चादर, पाणी. बस.

बाहेर पडताना अभिप्रायाची वही मागा आणि तिच्यात आकडे लिहा. ‘गैरसोय झाली’ एवढंच लिहिलं तर कोणी वाचत नाही. दारात किती पायऱ्या, संडासाचं दार किती इंच, किती वेळ थांबावं लागलं, तारीख घालून लिहा. सार्वजनिक इमारतींत अपंगांना जाता आलं पाहिजे हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेही एका ओळीत लिहा. भांडू नका, पण लिहा. त्या कुलूपवाल्या संग्रहालयात मी असंच लिहून आले होते. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा रॅम्पच्या दाराची किल्ली तिकीट खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेली होती.