आवाज नेमका कुठे अडतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेक तक्रारी ऑनलाइन चर्चेतल्या आवाजाच्या आहेत, आणि जवळपास प्रत्येकाने खापर फोडले आहे ते नेटवर. त्यातल्या एकाच प्रश्नात दोष खरोखर नेटचा निघाला.

प्रश्न : घरच्या डेस्कटॉपला मोबाइलचा माइकवाला इअरफोन लावतो. मला सगळ्यांचं ऐकू येतं, पण माझा आवाज कोणाला जाऊनच नाही राहिला. क्रोम काढून परत टाकलं, तरी तेच.
– एक वाचक, मानेवाडा

क्रोमला हात लावण्याआधी इअरफोनची पिन पाहा. तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर पिनला तीन कप्पे आहेत : डावा कान, उजवा कान आणि अर्थिंग (दोघांची सामाईक तार). मोबाइलच्या इअरफोनला तीन रेघा, म्हणजे चार कप्पे असतात, चौथा माइकचा. डेस्कटॉपच्या हिरव्या, म्हणजे ऐकण्याच्या सॉकेटमध्ये माइकसाठी जोडणीच नसते. म्हणून ऐकू येते, पण बोललेले आतच जात नाही. तीच पिन गुलाबी, म्हणजे माइकच्या सॉकेटमध्ये घातली तर माइक चालेलच असे नाही आणि ऐकू येणे मात्र बंद होते.

उपाय स्वस्त आहे. सीताबर्डीत कुठल्याही मोबाइल अॅक्सेसरीच्या दुकानात वाय आकाराचा स्प्लिटर मागा. पण नीट बघून घ्या. एकाच सॉकेटवर दोन हेडफोन लावायचा स्प्लिटर हुबेहूब तसाच दिसतो आणि तो तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला हवा त्याला इअरफोनसाठी एकच सॉकेट आणि बाहेर दोन पिना असतात. एकीवर हेडफोनचे चित्र, दुसरीवर माइकचे. यूएसबी हेडसेट घेतला तर ही भानगडच नाही.

जोडल्यावर पुढची तपासणी याच क्रमाने करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड इथे जाऊन इनपुटखाली माइक निवडा आणि बोलून पाहा. तिथली आवाजाची पट्टी हलली नाही तर ब्राउझरचा, म्हणजे क्रोमचा संबंधच नाही. पट्टी हलली, तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या मायक्रोफोनच्या पानावर ‘डेस्कटॉप अॅप्स’साठीचे बटण चालू आहे का पाहा, क्रोम त्यातच मोडतो. शेवटी क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून मायक्रोफोनला परवानगी द्या आणि पान रिलोड करा. रिलोड बहुतेक जण विसरतात. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत नसेल, तर क्रोम माइक देणारच नाही, परवानगीही विचारणार नाही.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनवर गाणी सुरेख वाजतात. चर्चेत शिरले की आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा. हेडफोन बिघडला का?
– एक वाचक, धरमपेठ

बिघडलेला नाही. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये गाण्यांसाठी एक प्रोफाइल, म्हणजे आवाज पाठवायची ठरलेली पद्धत असते, त्यात आवाज एकाच दिशेने आणि स्टिरिओ जातो. माइक सुरू झाला की हेडफोन फोनकॉलच्या प्रोफाइलवर उतरतो. तिथे आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच होतो आणि त्याचा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) ८ किंवा फार तर १६ किलोहर्ट्झ उरतो. गाण्याला तो ४४.१ किंवा ४८ असतो. महागडा हेडफोनही याला अपवाद नाही. चर्चेच्या साइटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा आणि स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा. माइक मोकळा झाला की हेडफोन पुन्हा चांगल्या प्रोफाइलवर येतो. नाहीच आला तर माइक धरून बसलेले दुसरे एखादे अॅप बंद करा.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठांच्या वाचन मंडळात मी बोललो की माझेच शब्द मला परत ऐकू येतात. शिवाय दोघींकडे कूलर सुरू असतो, त्याची घरघर.
– एक वाचक, महाल

शब्द किंचित उशिराने परत येत असतील, तर दोष तुमच्याकडे नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज त्यांच्याच माइकमध्ये शिरतो आहे. चोर शोधायचा तर सगळ्यांना म्यूट करा आणि एकेकाला उघडत तुम्ही बोलत राहा. ज्यांचा माइक उघडल्यावर प्रतिध्वनी येईल, त्यांनी इअरफोन लावायचा. एकाच खोलीत दोघे दोन फोनवर असतील तर संशय आधी तिथे घ्या. ब्राउझरचे एको कॅन्सलेशन आपल्याच यंत्रातून काय वाजले ते ओळखून वजा करते; शेजारच्या फोनमधून काय वाजले ते त्याला कळायला मार्ग नाही. मात्र उशीर न होता, चर्चेचे पान बंद केल्यावरही स्वतःचा आवाज कानात येत असेल, तर विंडोजमध्ये माइकच्या प्रॉपर्टीजमधली ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ची खूण काढा.

नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करा असे सांगणे म्हणजे अंगावर येणे! तो चालूच ठेवा, पण वारा माइकच्या तोंडावर येऊ देऊ नका. सलग घरघर नॉइज सप्रेशन, म्हणजे चर्चेच्या साइटची गोंगाट गाळणारी सोय, बऱ्यापैकी गाळते. थेट माइकवर आदळणाऱ्या वाऱ्याची फडफड त्याला जमत नाही. कूलरकडे पाठ करून बसलात तर वारा तुमच्या अंगावर अडतो.

प्रश्न : होस्टेलच्या वायफायवर पान उघडतं, चॅटही चालतं, पण आवाज जोडला जात नाही.
– एक विद्यार्थिनी, हिंगणा रोड

हा तो नेटचा प्रश्न. आवाज सहसा यूडीपी या नेटवरून माहिती पाठवायच्या पद्धतीने जातो आणि पुष्कळ संस्थांच्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या पहारेकऱ्यात) ती बंद असते. मोबाइल हॉटस्पॉटवर लगेच जोडले गेले, तर निदान पक्के. होस्टेलच्या नेटवर्क सांभाळणाऱ्यांना यूडीपीचे ३४७८ क्रमांकाचे पोर्ट (नेटवर्कचे दार) उघडायला सांगा. तोवर हॉटस्पॉट वापरा. व्हिडिओ बंद ठेवून नुसत्या बोलण्याला तासाला साधारण ५० एमबी पुरतात.

प्रश्न : ऑनलाइन शिकवणीत हार्मोनियमचा लांब धरलेला सूर मधेच विरतो.
– एक शिक्षिका, प्रतापनगर

वर कूलरला गाळणारे नॉइज सप्रेशनच इथे नडते. न बदलणारा सलग आवाज म्हणजे पंखा, असा त्याचा हिशेब. धरलेला षड्ज त्यात सापडतो. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करा. गूगल मीटमध्ये ऑडिओ सेटिंगमधले नॉइज कॅन्सलेशन बंद करा. एवढे केल्यावर खोलीतला प्रत्येक आवाज पलीकडे जाईल, तेव्हा इअरफोन हवाच, आणि शिकवणीच्या वेळेपुरता कूलरही बंद ठेवावा लागेल.